शर्यतीच्या सायकलीने आपली सायकल का ठरवावी?

पुण्यात किंवा ठाण्यात सायकलींच्या कुठल्याही बऱ्या दुकानात शिरा. किंमत ऐकून गिऱ्हाईक घुटमळलं की विक्रेता सायकल स्टँडवरून काढतो, दांडीखाली दोन बोटं घालून उचलून दाखवतो आणि म्हणतो, "सर, तुम्ही स्वतः उचलून बघा." गिऱ्हाईक उचलतं, हसतं, आणि अर्धा सौदा तिथेच ठरतो. त्या सायकलीला अजून पायडल बसवलेली नसतात, कारण ती वेगळी विकत घ्यायची असतात. मडगार्ड नसतात, कॅरियर नसतो, स्टँड, घंटी, दिवा, पाण्याची बाटली यांपैकी काही नसतं. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला जे जे लागतं ते सगळं वजा करून उरलेल्या वस्तूचं वजन त्याने हातात घेतलेलं असतं, आणि तेवढ्यावर ती वस्तू उत्तम असल्याचा निकाल दिलेला असतो.

या निकालामागे एक मत आहे. ते इतकं रुळलं आहे की ते मत आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. मला त्याचा मनापासून राग येतो. त्याच्या कैवाऱ्यांनाही मान्य होईल अशाच शब्दांत ते आधी मांडतो. सायकलीचा इतिहास म्हणजे मटेरियलची चढती शिडी: खाली जड स्टील, वर ॲल्युमिनियम, म्हणजे दुकानातलं 'अलॉय', आणि सगळ्यांत वर कार्बन. कुठली पायरी वरची, याचा फैसला शर्यतीत होतो. टूर द फ्रान्ससारखी तीन आठवड्यांची, आल्प्स आणि पिरेनीज ओलांडणारी परीक्षा दुसरी नाही. तिथे जे टिकतं ते उत्तम. तिथलं तंत्रज्ञान काही वर्षांनी स्वस्त होऊन सामान्य माणसापर्यंत झिरपतं. म्हणून खिशाला झेपेल तितकी वरची पायरी गाठावी. हलकी सायकल वेगवान असते, ताठ फ्रेम पायांची ताकद वाया जाऊ देत नाही, आणि कार्बन धक्के शोषून घेतो.

यातलं एकही विधान तपासायला घेतलं तर उभं राहत नाही.

सुरुवात त्या परीक्षेपासूनच करू. १९३३च्या जुलैत फ्रान्सिस फोर या फ्रेंच स्वाराने पॅरिसच्या ट्रॅकवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगचा १९१४पासून टिकलेला विक्रम मागे टाकला. फोर काही त्या काळातला पहिल्या फळीचा स्वार नव्हता. तो शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, रेलून बसण्याच्या सायकलीवर होता. पाय पुढे आणि अंग खाली असल्यामुळे त्याला हवेचा अडथळा कमी झाला. यावर यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, काय केलं? १९३४मध्ये शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी ठरवली की मोशेंची सायकल तिच्यात बसूच नये. अधिक वेगवान यंत्र परीक्षेला आलं आणि परीक्षकाने त्याला वर्गाबाहेर काढलं. आज जगातल्या प्रत्येक दुकानात दोन त्रिकोणांची तीच ती फ्रेम लटकते, त्यामागे या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे. तिला निसर्गनियमाने सिद्ध झालेला आकार मानायचं काय कारण?

गिअरचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. टूर १९०३मध्ये सुरू झाली ती 'लोटो' या वृत्तपत्राचा खप वाढवण्यासाठी. तिचे सर्वेसर्वा हेन्री देग्रांज यांचं मत होतं की बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक; शर्यत स्नायूंनी जिंकायची असते. त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी स्वार खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूची दातचक्री साखळीत अडकवायचे आणि पुन्हा निघायचे. हे कुठवर चाललं? १९३७पर्यंत! तोवर सेंत-एतियेन गावचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सायकलविश्व 'वेलोसिओ' या टोपणनावाने ओळखतं, आणि त्यांच्यामागून जाणारे साधे पर्यटक अनेक गिअर लावून वर्षानुवर्षं डोंगर चढत होते. सामान्य माणसाकडे जे होतं ते टूरपर्यंत पोचायला काही दशकं गेली. शर्यतीकडून आपल्याकडे झिरपतं म्हणणाऱ्यांनी आधी या उलट्या ओघाचा हिशेब द्यावा.

आणि हे एकच उदाहरण नाही. माउंटन बाइक कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्याच्या डोंगरउतारांवर १९७०च्या दशकात जन्मली, ती जुन्या जाड टायरच्या सायकली धुळीच्या वाटांवर पिटाळणाऱ्या पोरांच्या हातून. डिस्क ब्रेक तिच्यावर रुळले. रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींत यूसीआयने त्यांना पुरती परवानगी दिली ती २०१८मध्ये. १९८९च्या टूरमध्ये ग्रेग लेमाँडने अखेरच्या दिवशी लोराँ फिन्यॉनवर आठ सेकंदांनी मात केली, त्या दिवशी त्याने हँडलला लावलेले पुढचे लांब दांडे ट्रायथलॉनवाल्यांकडून आले होते. रुंद टायरचंही तसंच. १९९०च्या दशकात शर्यतीच्या टायरची रुंदी २० ते २३ मिलिमीटरवर आली होती आणि त्यांत दगडासारखी कडक हवा भरली जायची. दूर पल्ल्याचे हौशी स्वार तेव्हाही सांगत होते की खऱ्या, खडबडीत रस्त्यावर थोडा रुंद आणि लवचीक टायर मागे पडत नाही आणि अंगही ठेचून काढत नाही. 'बायसिकल क्वार्टर्ली' या अमेरिकी नियतकालिकाने चाचण्या घेऊन ते मांडलं, तेव्हा शर्यतीच्या जगाने ते मनावर घेतलं नाही. आज टूरमध्ये २८ ते ३० मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात आणि जाहिरातीत तो नवा शोध म्हणून येतो. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंची, म्हणजे ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. टायरच्या बाबतीत तो दूधवाला तीस वर्षं बरोबर होता आणि शर्यतीकडे बघून सायकल घेणारा चुकत होता.

आता मटेरियलकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त भाबडेपणा इथे आहे. 'स्टील मऊ, ॲल्युमिनियम कडक, कार्बन कडक असूनही आरामदायी' हे वाक्य सायकलवाल्यांच्या बैठकीत इतक्या सहजपणे म्हटलं जातं की जणू ते पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून आलं आहे. पुस्तकात वेगळंच आहे. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तिप्पट ताठ आणि जवळजवळ तिप्पट जड असतं. टायटॅनियम दोन्ही बाबतींत मध्ये. वजनामागे ताठपणा काढला तर तिन्ही धातू जवळपास एका रेषेत येतात. मग फरक पडतो कशाने? नळीच्या व्यासाने आणि जाडीने. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळी साधारण आठपट ताठ होते. जुन्या स्टीलच्या फ्रेमची वरची नळी २५.४ मिलिमीटरची आणि तिरकी खालची नळी २८.६ची असायची. हे आकडे धातूने ठरवलेले नव्हते; ते इंचांतले जुने माप होते, आणि सगळे सांधे, क्लँप, पाने त्याच मापाचे झाले होते.

याची दोन उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवा. फ्रान्समध्ये १९७९च्या सुमारास व्हिटस ९७९ ही ॲल्युमिनियमची फ्रेम आली. तिच्या नळ्या सांध्यांत चिकटवलेल्या, आणि व्यास जुन्या स्टीलच्या फ्रेमइतकेच. परिणाम उघड होता: फ्रेम हलकी झाली आणि भलतीच लवचीक. पायडलवर उभं राहून जोर केला की ती खालून हलते, अशी तिची ख्याती. त्याच सुमारास अमेरिकेत गॅरी क्लाइन आणि पुढे १९८३पासून कॅननडेल कंपनी यांनी तेच ॲल्युमिनियम घेतलं, पण नळ्या जाडजूड व्यासाच्या केल्या, आणि त्या फ्रेम्स ताठपणासाठी प्रसिद्ध झाल्या. दोन्हींचा धातू एकच, आणि कीर्ती मात्र अगदी उलट. मग 'ॲल्युमिनियम कडक असतं' हे वाक्य कशाबद्दल आहे? ॲल्युमिनियमबद्दल तर नाहीच.

आणि त्या लवचीक व्हिटसवर कोण बसत होतं, हेही बघा. आयर्लंडचा शॉन केली! १९८२ ते १९८८ अशी सलग सात वर्षं पॅरिस-नीस जिंकणारा, १९८४ आणि १९८६ची पॅरिस-रूबे दगडी रस्त्यांवरून जिंकणारा, टूरची हिरवी जर्सी चारदा घेणारा, दणकट बांध्याचा स्प्रिंटर. त्याच्या सर्वोत्तम काळातला मोठा हिस्सा त्याने या फ्रेमवर काढला. ताठ फ्रेम नसेल तर ताकद वाया जाते, हे खरं असेल तर केलीची ताकद वाया जाताना त्याच्या मागे राहिलेल्या डझनावारी स्वारांपैकी एकाला तरी तिचा फायदा व्हायला हवा होता. फ्रेम वाकते तेव्हा तिच्यात साठलेली ऊर्जा बहुतांशी परत मिळते, कारण ती स्प्रिंगसारखी मूळ जागी येते. उष्णता होऊन जाणारा भाग नगण्य असतो. तरीही गेली चाळीस वर्षं प्रत्येक नवी फ्रेम मागल्या वर्षीपेक्षा अमुक टक्के ताठ असल्याचं सांगून विकली जाते. ताठपणा आधीच पुरेसा होता की नाही, हे विचारायचं कोणाला सुचत कसं नाही?

'पण आम्हाला चालवताना फरक कळतो,' असं लोक छातीवर हात ठेवून सांगतात. १९९०च्या दशकात 'बायसिकल गाइड' या अमेरिकी मासिकाने इटलीचे कारागीर अंतोनिओ मोंदोनिको यांच्याकडून सात स्टीलच्या फ्रेम्स बांधून घेतल्या. माप, कोन, रंग, पुढचे-मागचे सुटे भाग सगळं सारखं. फक्त नळ्या वेगवेगळ्या, अगदी स्वस्तापासून सगळ्यांत महागापर्यंत. चालवणाऱ्याला कुठली कोणती हे सांगितलं नव्हतं. त्याला महाग आणि स्वस्त नळ्यांत फरक करता आला नाही. अनुभवी माणूस, वर्षानुवर्षं सायकली चालवून त्यांच्याबद्दल लिहिणारा. किमतीचं लेबल आणि नळीवरचा स्टिकर दिसेनासा झाला, आणि 'फील' नावाची ती गोष्ट त्याच्याबरोबर दिसेनाशी झाली.

कार्बन धक्के शोषतो, हे तर त्याहून पोकळ आहे. कार्बन हा धातूसारखा एकजिनसी पदार्थच नाही. धाग्यांचे थर रेझिनमध्ये एकावर एक रचतात. धागे कुठल्या दिशेने घातले, किती थर घातले, यावर ती फ्रेम कमालीची ताठही होईल किंवा लवचीकही. 'कार्बनचा स्वभाव' असा काही नसतो, त्या एका फ्रेमच्या रचनेचा असतो. शिवाय दोन त्रिकोणांची फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते. धक्का आला की कित्येक मिलिमीटर दबतो तो टायर, त्यानंतर वाकते ती सीटची नळी आणि सीट. ज्याला कात्रज ते शिवाजीनगर रस्त्यावरचे खड्डे आणि गतिरोधक पार करत जायचं आहे, त्याला पंचवीसऐवजी पस्तीसचे टायर लावून थोडी हवा कमी केली तर जो आराम मिळेल तो कितीही पैसे मोजून घेतलेल्या फ्रेममधून मिळणार नाही. आणि शर्यतीवरून बेतलेल्या फ्रेमच्या चिमट्यात पस्तीसचा टायर घालायला जागाच नसते. जो आराम मिळू शकत होता तो काढून घ्यायचा आणि नसलेला विकायचा, असा हा व्यवहार आहे.

वजनाचं गणित तर कोणालाही करता येतं. पंचाहत्तर किलोंचा माणूस, दहा किलोंची सायकल. एक किलो कमी केलं तर एकूण वजन सव्वा टक्क्याच्या आसपास घटतं, आणि तासभर चालणाऱ्या खड्या चढणीवर साधारण चाळीस सेकंद वाचतात. तेही चढणीवरच. सपाट रस्त्यावर वेग वाढला की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि तिथे त्या एका किलोचा फरक शोधावाच लागतो. किलोभर म्हणजे एक लिटर पाणी. ज्याला सकाळी दहाच्या आत ऑफिसला पोचायचं आहे त्याला सिग्नलवर किती चाळीस सेकंद उभं राहावं लागतं?

हवेचं महत्त्व किती आणि मटेरियलचं किती, हे एका तासाच्या विक्रमाने जितकं स्वच्छ दाखवलं तितकं दुसऱ्या कशाने नाही. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने ४९.४३१ किलोमीटर केले, एर्नेस्तो कोलनागोंनी बांधलेल्या स्टीलच्या सायकलीवर. ती सायकल सहा किलोंहून हलकी होती. होय, स्टीलची. १९९३मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने स्वतःच्या हाताने जोडलेल्या स्टीलच्या सायकलीवर, हात छातीखाली दुमडून, ५१.५९६ केले, त्या सायकलीत धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग होतं. त्याची ती बसण्याची पद्धत पुढच्याच वर्षी बंद करण्यात आली. १९९६मध्ये ख्रिस बोर्डमनने हात पूर्ण पुढे ताणलेल्या स्थितीत ५६.३७५ गाठले. मग यूसीआयने नियम मागे नेऊन मर्क्सच्या काळासारखीच सायकल सक्तीची केली, आणि २०००मध्ये त्याच बोर्डमनने तिच्यावर ४९.४४१ केले. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त, तेही अठ्ठावीस वर्षांनी! मधले सात किलोमीटर शरीराच्या ठेवणीत आणि हवेला सामोऱ्या जाणाऱ्या आकारात होते.

मर्क्सची सहा किलोंच्या आतली सायकल स्टीलची आणि आपल्या खेड्यापाड्यांतली वीस किलोंची काळी सायकलही स्टीलचीच. फरक स्टीलमध्ये नाही. काळ्या सायकलीच्या नळ्या साध्या आणि जाड. शर्यतीच्या सायकलीच्या नळ्या टोकांना, सांध्यापाशी, जाड आणि मध्ये पातळ. अशा नळीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्सकडे १८९७पासून होतं, आणि १९३५मध्ये त्यांनी काढलेल्या ५३१ या मिश्रधातूच्या नळ्यांनी पुढे अर्धं शतक टूर गाजवल्या. गंमत म्हणून नाही, गांभीर्याने विचारा: आपल्या कारखान्यांनी आपल्या लोकांसाठी तशा नळ्यांची, नीट ब्रेकची, मडगार्ड-कॅरियरसकट बारा-तेरा किलोंची रोजची सायकल का नाही बनवली? लोकांनी मागितली नाही म्हणून. आणि लोकांनी का नाही मागितली? कारण 'चांगली सायकल' म्हणजे काय, हे त्यांना शर्यतीच्या चित्रांनी शिकवलं होतं आणि त्या चित्रांत मडगार्ड कुठेच नव्हता.

इथे उत्तर येतं की ही लोकांची आवड आहे, हौसेला मोल नसतं. आवड आभाळातून पडत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठ्यांमध्ये सायकलीची लाट आली तेव्हा त्यांना खाली वळलेलं हँडल आणि दहा गिअर हवे होते, कारण शर्यतीची सायकल तशी दिसायची. श्विन कंपनीच्या व्हार्सिटीवर ते दोन्ही होतं आणि ती सतरा-अठरा किलोंच्या घरात होती. शर्यतीचा फक्त पोशाख विकला गेला. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांत तेच झालं आहे, वेगळ्या शर्यतीच्या पोशाखात. आज शाळकरी मुलाला घेऊन दिली जाते ती 'एमटीबी': पुढे सस्पेन्शनचा चिमटा, कधी मागेही स्प्रिंग, दोन डिस्क ब्रेक, गाठींचा जाड टायर. सस्पेन्शन असं की दाबलं की दबतं आणि वर यायला विसरतं. डोंगरउतारावरच्या शर्यतीसाठी जन्मलेले हे अवयव त्या मुलाला क्लासपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर ओढत न्यावे लागतात, आणि पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन तो घरी येतो. ही त्याची आवड आहे?

आणि ज्या विजयांच्या जोरावर ही आवड पोसली गेली त्यांचं काय झालं तेही आठवा. टूरच्या विजेत्याच्या अंगाखाली १९८६मध्ये, लेमाँड जिंकला तेव्हा, कार्बनची फ्रेम आली, पण कार्बन घराघरांत मागितला जाऊ लागला तो १९९९पासून, लान्स आर्मस्ट्राँगच्या ट्रेक कंपनीच्या सायकलीमुळे. सलग सात विजय. २०१२मध्ये डोपिंगमुळे ते सातही रद्द झाले. विक्रमपुस्तकातून नाव गेलं. दुकानातली समजूत तिथेच राहिली. जिंकलं रक्त की जिंकली फ्रेम, हे न विचारताच आपण फ्रेमला गुण देऊन टाकले.

कोणी म्हणेल, ठीक आहे, शर्यत कृत्रिम असेल, पण परीक्षा तर हवी. जरूर हवी. फ्रान्समध्ये १९३०-४०च्या दशकांत तशी परीक्षा होत होती. पर्यटनाच्या सायकली, मडगार्ड, दिवे, कॅरियर यांसकट खराब डोंगरी रस्त्यांवर शेकडो किलोमीटर पळवल्या जायच्या. हलकेपणाला गुण होते, आणि वाटेत काही मोडलं, सैल झालं, दिवा विझला तर गुण कापले जायचे. रने एर्स आणि अलेक्स सिंगर यांच्यासारख्या कारागिरांच्या सायकली त्या काळातल्या. रोजच्या वापराची सगळी सामग्री अंगावर घेऊन त्या दहा किलोंच्या आसपास राहायच्या. परीक्षेचे नियम बदलले, सायकल बदलली. मुद्दा एवढाच आहे: टूरच्या नियमांतून टूरची सायकल निघते, आणि आपण आपल्यासाठी कुठलेच नियम कधी लिहिले नाहीत.

शर्यतीच्या नियमांची किंमत मग आपण मोजतो, आणि ती पैशांत तर असतेच. नव्या महागड्या सायकलींत ब्रेकच्या नळ्या आणि केबल हँडलमधून, हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्याच्या, आतून फ्रेमच्या पोटात जातात. हवेचा अडथळा थोडा कमी होतो. व्यावसायिक स्वाराला ते हवंच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हेडसेटच्या खालच्या बेअरिंगमध्ये पाणी आणि चिखल जातो आणि ते गंजतं. पूर्वी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चिमटा खाली काढला असता, बेअरिंग बदललं असतं, ग्रीस भरलं असतं. आता त्या एका बेअरिंगसाठी हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागतात, पुन्हा जोडून त्यांतली हवा काढावी लागते, आणि तो मेकॅनिक हात जोडून म्हणतो, "हे माझ्याकडे होणार नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या." कार्बनची फ्रेम कुठे आपटली तर वरून रंग शाबूत आणि आत थर सुटलेले, असं होऊ शकतं, ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. सीटचा बोल्ट टॉर्क रेंचशिवाय आवळायचा नाही. शर्यतीच्या संघामागे मेकॅनिकची गाडी असते आणि तिच्या छतावर सुट्या सायकली असतात. तुमच्या मागे पीएमपीची बस असते.

स्टीलची पूजा करणाऱ्यांशीही माझं जुळत नाही. 'खरी सायकल स्टीलचीच' म्हणत जुन्या इटालियन फ्रेम्स भिंतीवर टांगणारे लोक त्याच शिडीवर उभे आहेत, फक्त उलट तोंड करून. तेही मटेरियललाच गुण चिकटवतात. आणि जो खरोखर शर्यत खेळतो, परवाना काढून, नंबर पाठीवर लावून, त्याने खुशाल कार्बन घ्यावा. त्याच्या खेळात तो योग्य आहे, आणि तिथेही २०००पासून सायकल ६.८ किलोंच्या खाली जाता कामा नये असा नियम आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण घाटाचा राजा होणारा शंभरातला एक असतो, आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना त्याची सायकल, त्याची बसण्याची ठेवण, त्याचे अरुंद टायर विकले जातात. कंबर दुखते, मनगटं बधिर होतात, मुलीला घेऊन जाता येत नाही, भाजी आणता येत नाही, पावसात चालवता येत नाही. वर्षभरात ती सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागते आणि घरचे म्हणतात, याला काही सायकल जमली नाही. जमली नाही ती त्याला नव्हे. ती त्याच्यासाठी बनवलेलीच नव्हती. आडवी दांडी नसलेल्या, सहज पाय टाकून बसता येणाऱ्या फ्रेमला आपण 'लेडीज' म्हणून खाली बसवलं. साडीतली बाई, गुडघे धरलेला साठीचा गृहस्थ, मागे मूल बसवलेला बाप, या सगळ्यांना तीच सोयीची होती. तिला कमीपणा कोणी आणला? शर्यतीत ती नव्हती, एवढ्याच कारणाने तो आला.

तेव्हा सायकल घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला मडगार्डपासून विचारायला सुरुवात करा. पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि कॅरियर बसवायला फ्रेमवर आट्यांची भोकं आहेत का? मडगार्ड लावून पस्तीसचा टायर फिरतो का? हँडल माझ्या सीटच्या उंचीपर्यंत येतं का, आणि ते इथे, आत्ता, माझ्या मापाने लावून दाखवाल का? सगळ्यांत हलका गिअर घेऊन, मागे दहा किलोंचं ओझं घेऊन मी घराजवळचा चढ चढू शकेन का? हेडसेटचं बेअरिंग गेलं तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक ते तासाभरात बदलू शकेल का? गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर वाकला तर दुसरा कुठे मिळेल आणि किती दिवसांत? या सगळ्यांना 'हो' म्हणणारी सायकल त्याच्याकडे नसेल तर ती मागवा म्हणावं, आणि मागवायला तयार नसेल तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा. फ्रेम कशाची आहे हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोवर बहुधा त्याची गरजही उरलेली नसेल.